स्ताव्रियानीची सोबत

१८ ऑगस्ट

ही वही देताना गुरुजी म्हणाले होते, "लिगोरिस, काहीही करायच्या आधी यात लिहीत जा. लिहिता लिहिता डोकं थंड होतं." यिथियोच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली होतो. एका पोराने आमच्या मानी प्रांतातल्या लोकांना दरोडेखोर म्हटलं, मी त्याला बंदराच्या पाण्यात ढकललं आणि माझं शिक्षण तिथेच संपलं. तेव्हापासून वही कोरी आहे. करायच्या आधी लिहायला सवड कुणाला असते? आज लिहितोय, पण जे करायचं ते करून झाल्यावर.

आधी आमच्याबद्दल. आम्ही स्काल्केआस. आमच्याकडे प्रत्येक घराचा राहता बुरुज असतो; आमचा गावात सगळ्यात उंच नाही, पण सगळ्यात जास्त गोळ्या खाल्लेला आहे. त्या भोकांची लाज समोरच्या बुराकोसांनी बाळगावी. एवढी दारू जाळून त्यांना आमचा एक दगड हलवता आला नाही. माणूस मात्र एक गेला. माझा थोरला भाऊ इलियास. दोन वर्षांमागे बांधावरून बोलाचाली झाली आणि थानासिस बुराकोसने त्याला निवडुंगाच्या कुंपणापाशी गोळी घातली. त्या दिवसापासून थानासिस त्यांच्या बुरुजाच्या दाराबाहेर आलेला नाही. माझ्याच वयाचा, धडधाकट माणूस, दोन वर्षं अंधारात बसून आहे, कारण बाहेर मी आहे. हे लिहितानाही छाती फुगते.

आता आजचं. लावे आले. समुद्र ओलांडून थकलेले पक्षी आमच्या कड्यावर येऊन पडतात आणि सगळं गाव जाळी घेऊन धावतं. लाव्यांच्या दिवसांत कुणी कुणावर बंदूक उचलत नाही, हा आमचा नेम आहे. तरी थानासिस याही दिवसांत येत नाही. त्याच्या आईला माझा भरवसा वाटत नाही म्हणे. बाई शहाणी आहे.

कड्याच्या टोकाला पानागोस लिराकोसकाकांची माणसं जाळं धरून होती. त्यांचा स्त्रातिस माझा जिवाभावाचा मित्र. त्याच्या शेजारी एक मुलगी काठी धरून उभी होती, वाऱ्याने तिचा डोक्याचा रुमाल उडाला होता आणि ती तो धरायच्या ऐवजी जाळं धरून होती. ती त्याची बहीण स्ताव्रियानी. चार वर्षं आजोळी होती, मी तिला ओळखलंच नाही. तेवढ्यात जाळ्याची एक काठी उपटली आणि जाळं कड्याखाली निघालं. मी उडी मारली. खाली कपारीवर पडलो, जाळं पकडलं, दोन्ही हात सोलवटून वर आलो.

मला वाटलं ती आभार मानेल. ती म्हणाली, "जाळं वाचवलंस, पण आतले लावे सगळे उडाले. हाक मारली असतीस तर दोघांनी मिळून ओढलं असतं."

झालं. तिथेच ठरलं माझं. दुपारी थेट पानागोसकाकांच्या दारात गेलो. स्त्रातिस म्हणाला, "अरे, निदान हात तरी धू. सोयरीक मागायला आलायस की बोकड कापून?" मी नाही धुतले. रक्त तिच्या जाळ्यासाठी सांडलं होतं, लपवायचं कशाला?

काका म्हणाले, "उद्या तुझ्या आईला भेटायला येतो. तुझ्याशी नाही, तुझ्या आईशी बोलणार."

१९ ऑगस्ट

काका आले. आईने पाटावर जवाची भाकरी आणि खारवलेले लावे मांडले. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो, म्हणजे मला बाहेर काढलं होतं.

पानागोसकाका म्हणजे आमच्या भागातली सगळ्यात भरवशाची सोबत. वैऱ्याच्या हद्दीतून कुणाला जायचं असेल तर तिसऱ्या घरातला एक जण त्याच्या पुढे चालतो; त्यालाच आम्ही सोबत म्हणतो. मागे चालणाऱ्याला कुणी मारलं तर ते रक्त सोबतीच्या घराचं होतं, आणि ते घर मारणाऱ्याचा हिशेब करतं, मग तो सख्खा जावई का असेना. काकांनी उभा जन्म लोकांना नेलं-आणलं, त्यांच्यामागचा एकही माणूस कधी पडला नाही. त्यांचं डोकं वाटेवर दिसलं की लोक बंदुका खाली घेतात.

"कानेलाबाई," ते आईला म्हणाले, "पोरगा मला पसंत आहे. अंगात रग आहे, घराचं नाव आहे. पण मी माझी लेक विधवा करायला वाढवलेली नाही. तो थानासिसला मारेल, मग त्याचा भाऊ याला मारेल. आधी हे मिटवा. बुराकोस माफी मागायला तयार आहेत."

आई म्हणाली, "माझा इलियास दोन वर्षं मातीत आहे. मी रोज त्याचं रडते."

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्या पायाशी येणार. उघड्या डोक्याने, रिकाम्या हातांनी. थानासिस तुमचा हात चुंबेल आणि जन्मभर तुमचा मुलगा म्हणून राबेल. त्याला माझ्या मागून आणेन."

मला वाटलं आई त्यांना घालवून देईल. या आईनेच इलियासचा रक्ताळलेला सदरा माझ्या अंथरुणासमोर टांगून ठेवलाय. पण ती म्हणाली, "मला एक जिवंत मुलगा राहिलाय, पानागोसभाऊ. त्याला मूल झालेलं बघायचंय. आणा त्यांना."

मी आत घुसलो. म्हटलं, "मला कुणी विचारलं?"

काका म्हणाले, "आता विचारतो. माझी लेक हवी की थानासिसचं रक्त? दोन्ही मिळणार नाही."

मी म्हटलं, लेक. एका क्षणात म्हटलं. मोठमोठे लोक अशा प्रश्नावर महिना घालवतील.

२९ ऑगस्ट

चुलतभाऊ मिखालिस माझ्याशी बोलत नाही. बोलतो तेव्हा फक्त "जावईबापू" म्हणतो. एकदा त्याच्या नाकावर ठोसा दिला. दुसऱ्यांदा नाही दिला, कारण स्ताव्रियानीला वचन दिलंय की लग्न होईपर्यंत कुणाला मारणार नाही. इतका मोठा त्याग गावात कुणी केला नसेल.

४ सप्टेंबर

आज तिच्याशी बोललो. ती खडकांवरचं मीठ खरवडत होती, सोबत मिठवाली विधवा आजी होती. तिला ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं.

मी म्हटलं, "तुझ्यासाठी मी भावाचं रक्त सोडलं."

ती म्हणाली, "माझ्यासाठी सोडलं असशील तर सोडू नकोस. माझ्यावर रागावलास की पुन्हा उचलशील. आईसाठी सोड."

"तुला माझा राग आवडत नाही?"

"आवडतो ना. तू कड्यावरून उडी मारलीस ते मी पाहिलं. असा माणूस आपल्याकडे असावा असं कुठल्याही पोरीला वाटतं. पण तू आधी उडी मारतोस आणि खाली काय आहे ते नंतर बघतोस."

मी म्हटलं की खाली कपार होती. ती म्हणाली, "तुला माहीत होतं?" मला माहीत नव्हतं, पण कपार होती, एवढं पुरे आहे.

मग ती तिच्या बाबांविषयी बोलली. तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसतो. म्हणाली, "आमच्याकडे जमीन नाही, बुरुज ठेंगणा. आमची मालमत्ता म्हणजे आमच्या मागून चालणारा माणूस घरी पोचतो, एवढीच. ती गेली की आमच्याकडे काही नाही." मान ताठ ठेवून म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला. माझी बायको अशीच हवी, माझ्या बरोबरीची.

१० सप्टेंबर

ठरलं. शनिवारी सकाळी बुराकोस येतील. रविवारी, क्रुसाच्या सणाला, ज्या क्रुसावरून स्ताव्रियानीचं नाव ठेवलंय त्याच्याच दिवशी, साखरपुडा.

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "शनिवारी घरात बसायचं. स्वच्छ सदरा घाल, आईच्या शेजारी बस. दुकानाकडे फिरकू नकोस, मिखालिसच्या तोंडी लागू नकोस, बंदूक भिंतीला टांग. माझ्याकरता एवढं कर."

मी म्हटलं, "काका, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर बांधून ठेवलं असतं," ते म्हणाले. त्यांना ताप आहे, डोळे लाल होते, पण चेष्टा सुटत नाही.

१३ सप्टेंबर, सकाळी

सदरा घातलाय. आई पहाटेपासून लालांगी तळतेय. कणकेच्या त्या लांब दोऱ्या तेलात पडल्या की घरभर वास सुटतो. सणाला करतात तशा करतेय, भावाच्या मारेकऱ्यासाठी. मी विचारलं, "त्याला यातलं देणार?" ती म्हणाली, "मुलगा म्हणून येणार असेल तर जेवल्याशिवाय कसा जाईल?" इलियासचा सदरा तिने भिंतीवरून उतरवून घडी घालून ठेवलाय. भिंतीवर सदऱ्याच्या आकाराचा पांढुरका डाग आहे. मी तिकडे बघायचं टाळतो.

बसवत नाही. काका म्हणाले होते ऊन वर आलं की येतील. ऊन तर वर आलं. जरा दुकानापर्यंत जाऊन येतो. बंदूक नेतो, बिनबंदुकीचा मी वाटेवर कधी दिसलो नाही, आजच दिसलो तर लोक काय म्हणतील?

१३ सप्टेंबर, संध्याकाळी

मी इलियासचं रक्त फेडून घेतलं.

अक्षर बघा, नेहमीसारखंच आहे. जसं झालं तसं लिहितो.

दुकानात मिखालिस होता. मी काही बोलायच्या आत त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "जावईबापू, भाऊ कितीला विकला? पोरगी एकटीच मिळाली की वर काही?" कुणी हसलं नाही. हसले असते तर मी सहन केलं असतं. सगळे खाली बघत होते, माझी कीव करत होते. मी तिथून निघालो. मिखालिसला मारलं नाही; वचन पाळलं, हे लक्षात ठेवावं.

वाटेच्या वळणावर, खारकेच्या झाडापाशी आलो आणि समोरून ती येताना दिसली. स्ताव्रियानी. तिच्या मागे थानासिस. काका कुठेच नव्हते. त्याच्या मागे बऱ्याच अंतरावर त्याची आई आणि म्हातारा. थानासिसचा रंग पिठासारखा पांढरा झालेला, डोक्यावर टोपी नाही, आणि तो हसत होता. समुद्राकडे बघत, डोळे बारीक करून, तोंड उघडं टाकून हसत होता. माझा भाऊ मातीत, आणि हा माझ्या बायकोच्या मागून हसत चाललाय. त्याने तिला काहीतरी विचारलं, तिने मान वळवून उत्तर दिलं.

बंदूक खांद्याला कधी लागली ते मला कळलं नाही. स्ताव्रियानीने मला पाहिलं. तिने हात वर केला आणि माझं नाव घेतलं. मग म्हणाली, "माझ्या मागे आहे." एवढंच, ओरडून नाही. मी तिच्या खांद्यावरून नेम धरला. तिला केसाइतकाही धक्का लागला नाही. अशी गोळी या भागात दुसरं कुणी मारू शकणार नाही.

तो वाटेवर पालथा पडला. हात रिकामे होते.

घरी आलो, दारातून ओरडलो, "आई, झालं." मला वाटलं ती छपरावर जाऊन हाळी देईल, गावाला कळवेल. तिने कढई खाली उतरवली. टोपलीभर लालांगी अंगणात कोंबड्यांपुढे ओतली. मग घडी केलेला इलियासचा सदरा उचलून वाटेकडे गेली. लोक सांगतात तिने तो थानासिसच्या अंगावर पांघरला. मला वाटतं आनंदाने ती जरा भ्रमिष्ट झाली.

१४ सप्टेंबर

क्रुसाचा सण. साखरपुडा आज नाही, उघडच आहे. त्याला आज पुरलं.

काकांना तापाने उठवत नव्हतं, म्हणून त्यांनी मुलीला पुढे पाठवलं. स्त्रातिस जायला निघाला होता, तर काका म्हणाले म्हणे, "ती जाऊ दे. ती ज्याच्या पुढे चालेल त्याच्यावर लिगोरिस तरी बंदूक रोखणार नाही." हे मला आज पाद्रीबाबांनी सांगितलं. ते सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

पण मी न्यायाने बोलतो. सोबत म्हणजे पुरुष, खांद्यावर बंदूक. काकांचं पांढरं डोकं पुढे दिसलं असतं तर माझं बोट चापावर गेलंच नसतं. मुलगी पुढे चालली म्हणजे ती सोबत होते काय? असं कुणी कधी ऐकलंय? मुलगी सोबत नसते. मी हे पाद्रीबाबांना सांगितलं आणि दुकानाच्या दारात उभा राहून सगळ्यांनाही ऐकवलं. कुणी उलट बोललं नाही. मिखालिसने माझ्यासाठी जागा करून दिली. आता "जावईबापू" म्हणत नाही.

बुराकोसांच्या बायका रडत होत्या ते इथवर ऐकू येत होतं. त्यात एक आवाज स्ताव्रियानीचा. ती स्वतः रचून गात होती, थानासिसला विचारत होती: दोन वर्षांनी उन्हात आलास, वाटेवर मला विचारलंस की समुद्र पूर्वीपासून एवढा मोठा होता का, मी हो म्हटलं, आणि तुला पुढे काही बघता आलं नाही. मग तिने आपली वेणी कापून त्याच्या छातीवर ठेवली, सख्ख्या बहिणीसारखी.

म्हणजे तो समुद्राला हसत होता. असेल. मला तिथून कसं कळणार?

तिचं मन फार हळवं आहे. केस वाढतील.

१७ सप्टेंबर

मी बुरुजात आहे. भिऊन नव्हे, आईने दाराला अडसर घातलाय आणि किल्ली... अडसराला किल्ली नसते, पण ती दारात बसून असते. बुराकोसांकडून काही भीती नाही. त्यांचा म्हातारा पाद्रीबाबांना म्हणाला, "आमचं देणं स्काल्केआसांशी नाही. आमचा मुलगा लिराकोसांच्या मागे होता." आमच्या भागात सगळ्यांचं हेच म्हणणं पडतंय. म्हणजे मी दुकानात जे बोललो ते कुणी मनावर घेतलं नाही.

काका अंथरुणाला खिळलेत, भिंतीकडे तोंड करून. काल जवळच्या गावचे दोघं त्यांच्याकडे सोबत मागायला यायचे होते. आले नाहीत, दुसऱ्याला घेऊन गेले. मला काकांसाठी वाईट वाटतं. खरंच वाटतं. ते उठले की मी जाऊन सांगेन की माझी चूक त्यांच्या तापामुळे झाली. नाही, असं नाही सांगणार. बघू कसं सांगायचं ते.

रात्री नाही, दिवसाच ते डोळ्यांसमोर येतं: तिचा वर केलेला हात. तिने माझं नाव घेतलं तेव्हा मी थांबू शकलो असतो का? चाप ओढायच्या आत की नंतर घेतलं, ते नीट आठवत नाही. मला वाटतं नंतर.

२० सप्टेंबर

चांगली बातमी. छपरावरून स्त्रातिस दिसला, विहिरीवर. गुळगुळीत दाढी केली होती. ज्याच्यावर रक्त फेडायची पाळी असते तो फेडेपर्यंत वस्तरा लावत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे त्याने माझा नाद सोडला. मी हात हलवला. त्याने पाहिलं, घागर उचलली आणि गेला. मित्र आहे, रुसलाय, येईल वळणावर.

मिठवाली आजी आईला सांगत होती: स्त्रातिस बंदूक घेऊन निघाला होता, तर स्ताव्रियानी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "पुढे मी चालले होते. बाबा नव्हे, तू नव्हे. तुम्ही दोघं यात पडायचं नाही." भावाच्या हातातली बंदूक तिने काढून घेतली. बापाने भिंतीकडचं तोंड तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे वळवलं आणि मान हलवली.

माझ्यासाठी ती सख्ख्या भावाला आडवी गेली. अशी बायको कुणाच्या नशिबात असते? आई मात्र हे ऐकून ओट्यावर बसली ती उठलीच नाही, भाकरी करपली.

२४ सप्टेंबर

आजी म्हणते, स्ताव्रियानी रोज सकाळी खडकांकडे जाते आणि तिथून बार ऐकू येतात. फड्या निवडुंगाच्या पानांना भोकं पडलीत, पहिल्या दिवशी कडेला होती, आता मधोमध.

मी म्हटलं, "बघ आई, शिकतेय. आपल्यासारख्या घरात यायचं म्हणजे बंदूक यायलाच हवी."

आई म्हणाली, "लिगोरिस, तू यिथियोला जा. गुरुजींकडे जा. उद्याच."

मी तिला विचारलं की दोन वर्षं दाराआड बसलेल्या माणसाला मी काय म्हणत होतो ते तिला आठवतं का. तिला आठवतं.

२७ सप्टेंबर

आज निरोप आला. आजीने आणला, तिच्या शब्दांत: "दुपारी जुन्या खळ्यावर ये. उजेडी ये, वाटेने ये, सगळ्यांना दिसेल असा. बंदूक आणू नकोस. मी एकटी असेन."

वाचलेलं नाही, ऐकलेलं आहे, तरी मी ते आजीकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. आजीला विचारलं, "चेहरा कसा होता?" ती म्हणाली, "शांत. बापासारखा." मग माझ्या गालाला हात लावला, लहानपणी लावायची तसा, आणि गेली.

आईने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "ती तुला मारायला बोलावतेय."

मी हसलो. "आई, बाई माणूस मारते कधी?"

"तू गावभर काय सांगत फिरलास? मुलगी सोबत नसते म्हणून. तिच्या बापाची जन्माची अब्रू तुझ्या गोळीने गेली, वर हे वाक्य. ती तुला दाखवणार आहे की मुलगी सोबत असते."

हे खरं असू शकतं हे मला कळतं, मी मूर्ख नाही. तिला मी ओळखतो, मान ताठ ठेवून बोलताना पाहिलंय. पण मग तिने लपून का नाही मारलं? खडकाआडून मारता आलं असतं. तिने बोलावलं, निरोप धाडला, एकटी येते म्हणाली. ज्याला मारायचं त्याला कुणी बोलावतं का? ती रडेल, मला शिव्या देईल, कदाचित दोन थोबाडीत देईल, आणि मी उभा राहून खाईन. मग सांगेन की कपार होती हे मला माहीत नव्हतं. तिला आवडेल ते ऐकायला.

आणि नाही गेलो तर? खाली वाटेवरून लोक जातील, वर बघतील, म्हणतील, लिगोरिस स्काल्केआस एका पोरीला भिऊन आत बसलाय. नाही. हे आमच्या घरात होणार नाही.

आईने शेवटी एकच मागितलं, "एकटा जाऊ नकोस. कुणाच्या तरी मागून जा." मी म्हटलं, कुणाच्या मागून? पानागोसकाकांच्या? या भागात दुसरं कुणी माझ्यापुढे चालायला तयारही होणार नाही.

नवा सदरा घातलाय. बंदूक भिंतीला टांगली, जिथे इलियासचा सदरा होता तिथेच. दाढी केली. अडसर आईने स्वतः काढून दिला आणि दार धरून उभी राहिली.

मी म्हटलं, "आई, काहीतरी चांगलं कर. दुपारी दोघं जेवायला येतो."

ती म्हणाली, "कोण दोघं?"

आईला आजकाल सगळं दोनदा सांगावं लागतं. निघतो.